सहाय्यक प्रजननातून जन्मलेल्या बालकांतील अधिजनुकीय बदल

आयव्हीएफ (स्त्रीबीज व शुक्राणू यांचे प्रयोगशाळेत फलन), इक्सी (एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणे) यांसारख्या उपचारांतून गर्भधारणा होऊन जन्मलेल्या बालकांच्या जनुकांवरील रासायनिक खुणांमध्ये काही सूक्ष्म फरक आढळतात. त्यांना अधिजनुकीय बदल म्हणतात. या बदलांत डीएनएचा मूळ क्रम तसाच राहतो. एखादे जनुक कार्यरत असावे की निष्क्रिय, हे ठरवण्यात वाटा असलेले मिथिल गट, म्हणजे डीएनएला जोडलेल्या या रासायनिक खुणा, तेवढे कमीअधिक होतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या आयव्हीएफ उपचारांतून, भारतातील सुरुवातीच्या टेस्ट ट्यूब बाळांपैकी एक असलेल्या हर्षा चावडा हिचा जन्म झाला, तेव्हा हा उपचार अपूर्वाईचा होता. आज ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आणि नवी मुंबईत वाशी-नेरुळ परिसरात आयव्हीएफ केंद्रे आहेत, आणि त्यामुळे हा विषय येथील सर्वसाधारण कुटुंबांच्या घरापर्यंत आला आहे.

फलनानंतर काही तासांतच पित्याकडून आलेल्या गुणसूत्रांवरील बहुतेक मिथिल खुणा पुसल्या जातात, मातेकडील खुणा पेशीविभाजनागणिक विरळ होतात आणि भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्या खुणा उमटू लागतात. सुमारे शंभर जनुकांच्या बाबतीत मात्र आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचीच प्रत चालू असते. या जनकमुद्रित जनुकांवरील खुणा वरील घडामोडींतून जशाच्या तशा टिकाव्या लागतात. नेमक्या याच पाच-सहा दिवसांत आयव्हीएफचे भ्रूण तेलाच्या थराखालील पोषक द्रवाच्या थेंबात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या उबवणयंत्रात वाढत असते. द्रवातील घटक आणि प्राणवायूचे प्रमाण यांचा खुणांवर परिणाम होऊ शकतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तर शरीरातील स्थितीच्या जवळ जाण्यासाठी अनेक प्रयोगशाळा तो ५ टक्के ठेवतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांपासून जन्मलेली मेंढ्यांची काही कोकरे अवाजवी मोठी होती, आणि त्यांच्यातील एका जनकमुद्रित जनुकाच्या मिथिल खुणा कमी झाल्याचे २००१ मध्ये दिसून आले.

मानवात सर्वाधिक चर्चा बेकविथ-वीडेमन सिंड्रोमची, म्हणजे जनकमुद्रित जनुकांतील बिघाडाशी निगडित असलेल्या अतिवाढीच्या जन्मजात विकाराची झाली. बाळाची जीभ मोठी असून तोंडाबाहेर येते, कानाच्या पाळीवर चिरेसारख्या रेषा असतात, बेंबीपाशी हर्निया किंवा त्याहून गंभीर दोष असतो आणि शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक वाढते. सर्वसाधारण जन्मांत तो दहा हजारांहून अधिक बाळांमागे एखाद्यास होतो. सहाय्यक प्रजननातून जन्मलेल्यांत त्याचे प्रमाण काही पटींनी जास्त आढळले आहे. मुळातील प्रमाण इतके अल्प असल्याने अशा बहुसंख्य बालकांना हा विकार होत नाही, आणि ‘काही पटी’ हे शब्द ऐकून धास्तावलेल्या पालकांना ही बाब डॉक्टरांनी आवर्जून समजावून सांगितली पाहिजे.

आढळणाऱ्या सर्व फरकांचे खापर उपचारावर फोडणे योग्य नाही. वंध्यत्वाचे मूळ कारण, पालकांचे वाढलेले वय, जुळी गर्भधारणा आणि बीजकोशांना उत्तेजन देणारी संप्रेरके यांचाही वाटा असू शकतो. गोठवलेल्या भ्रूणांपासून जन्मलेल्या बाळांचे वजन ताज्या भ्रूणांपासून जन्मलेल्यांपेक्षा सरासरीने अधिक असते, यावरून उपचाराचा तपशीलही महत्त्वाचा ठरतो. ऑस्ट्रेलियातील २०१९ च्या एका अभ्यासात, जन्मानंतर टाचेतून घेऊन कागदावर जपलेल्या रक्तथेंबांची तुलना त्याच व्यक्तींच्या प्रौढपणीच्या रक्ताशी करण्यात आली. जन्मवेळी दिसलेले बहुतेक फरक प्रौढपणी मावळलेले होते. हा निष्कर्ष मोठा दिलासा देणारा आहे.

आपल्याकडे उपचाराची गोष्ट पुष्कळदा सासर-माहेरच्या मंडळींपासूनही लपवली जाते आणि उपचाराची फाईल प्रसूतीनंतर कपाटात जाते. कुटुंबाने कोणाला काय सांगावे हा त्यांचा अधिकार आहे. बालरोगतज्ज्ञाला मात्र गर्भधारणा कशी झाली, भ्रूण ताजे होते की गोठवलेले, हे सांगितलेच पाहिजे. बेकविथ-वीडेमनचे निदान झालेल्या बालकांत मूत्रपिंड व यकृताच्या गाठींचा धोका वाढतो, आणि त्या लवकर सापडाव्यात म्हणून सामान्यतः वयाच्या सातव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी केली जाते.