फुटक्या कौलातला सूर्य

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका बंद वाड्यात मी आणि एक मित्र असे आम्ही दोघं गेलो. किल्ली मालकांनीच दिली होती. अट एकच, माडीवर पाय ठेवायचा नाही. आत शिरलो आणि काही म्हणजे काही दिसेना. मित्र लगेच कॅमेरा काढायला लागला. म्हटलं, "भावा, दम धर की जरा."

रणरणत्या उन्हातून आल्यावर डोळ्याला अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य उन्हात उडालेलं असतं, ते हळूहळू पुन्हा तयार होतं. मग एकेक गोष्ट वर येते. आधी खांब, मग कोनाडा, मग भिंतीला धरलेला लोणा. जमिनीतली ओल विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर सुकते आणि मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक वाढताना गिलावा ढकलून देतात. इथं पोपडा निघालेल्या जागी वर पिवळा डिस्टेंपर, त्याखाली निळीचा चुना आणि तळाला गेरू दिसत होता. तीन पिढ्यांची दिवाळी!

पण खरी गंमत सोप्यातल्या फरशीवर होती. कौलं फुटलेली, भोकं वेडीवाकडी, आणि खाली पडलेले कवडसे मात्र गरगरीत गोल. ती भोकाची आकृती नव्हे, सूर्याची प्रतिमा. बारीक भोक भिंगाविना कॅमेऱ्यासारखं काम करतं. म्हणूनच खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. कवडशाची रुंदी भोकापासूनच्या अंतराच्या सुमारे १०८ वा भाग असते, म्हणजे चार मीटरवरून पावणेचार सेंटिमीटर. एरवी तिरप्या उन्हात तो लांबट होतो, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो.

अशा जागा ओढून का घेतात? रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी आवडत्या दृश्यांचा अभ्यास करताना 'गूढ' हा गुण वेगळा काढला. दोन पावलं पुढं गेलं तर आणखी काही कळेल, असं जे दृश्य सुचवतं ते आपल्याला खेचतं. अर्ध्या उघड्या दाराचं तेच. कोटीतीर्थाजवळची शाहू मिल १९०६ ची, २००३ पासून बंद. तिच्या भिंतीपलीकडं डोकावावंसं न वाटलेला कोल्हापूरकर मला तरी भेटलेला नाही. भीतीचाही वाटा असेल, पण माझ्या मते कुतूहलाचा मोठा.

कबुतरांच्या वाळक्या विष्ठेच्या धुळीत फुप्फुसाला बाधणाऱ्या बुरशीचे बीजाणू असू शकतात, त्यामुळं तोंडाला मास्क होता. परवानगीशिवाय तर जाऊच नये.

लखलखीत कवडसा आणि काळी भिंत एका फोटोत मावेना. मित्रानं ट्रायपॉड लावला, एक फोटो उजेडासाठी काढला, मग लेन्स पुसत बसला आणि दुसरा अंधारासाठी काढला. घरी दोन्ही एकमेकांवर ठेवले तर कवडसे दुप्पट! सूर्य दोनेक मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, आणि फरशीवरचा कवडसाही.

"आता परत जायला लागणार की," तो म्हणाला. आवाजात दुःख अजिबात नव्हतं.