चुंबकीय शीर्ष (फीत-संचयनातील)

सरकत्या चुंबकीय फितीवर माहिती लिहिणारा किंवा वाचणारा घटक. सांगली-मिरजेकडचे दुरुस्ती कारागीर त्याला सरळ ‘हेड’ म्हणतात. ‘शीर्ष’ ग्रंथांपुरतेच उरले आहे.

जनकत्वाबद्दल एकमत नाही. अमेरिकी अभियंते ओबरलिन स्मिथ यांनी पोलादी कण मिसळलेल्या दोऱ्यावर ध्वनी साठवण्याची कल्पना १८८८ मध्ये छापली. तिच्यामागचे प्रयोग बहुधा १८७८ च्या सुमाराचे. चालते यंत्र मात्र डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेन यांचे (१८९८). स्मिथ यांचा पक्ष कागदावर भक्कम आहे, पण या दोघांच्याही मांडणीत आजचे शीर्ष ओळखू येत नाही. बारीक फट ठेवलेला कड्याच्या आकाराचा गाभा जर्मनीत एडुआर्ड शुलर यांनी १९३३ च्या सुमारास आणला. त्याआधीचे टोकदार ध्रुव फीत ओरबाडत. त्यामुळे शीर्षाचे कूळ शुलर यांच्यापाशी नेणे अधिक सयुक्तिक वाटते. संगणकांत फीत आली ती १९५१-५२ मध्ये. आयबीएमच्या ७२६ यंत्रात तिच्यावर ७ पट्टे (नोंदीच्या शेजारी-शेजारी धावणाऱ्या वाटा) असत.

फटीइतकेच महत्त्व फीत व शीर्ष यांमधील अंतराला आहे. अंतर d आणि नोंदीची तरंगलांबी λ असेल, तर वाचनातील घट सुमारे ५४.६ × d/λ डेसिबल भरते (वॉलेस, १९५१). ध्वनिकॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी. सरकते; १० किलोहर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ४.७६ मायक्रोमीटर होते. शीर्षावर १ मायक्रोमीटर जाडीचा थर साचला की ११.५ डेसिबल गेलेच. हळदीच्या भुकटीचा कण याच्या कितीतरी पट मोठा असतो. कॅसेटच्या दिवसांत कारागीर काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसत. कापसावर तपकिरी डाग उठे, ती फितीचीच झीज. मग शेजारचा बारीक स्क्रू कानाने ऐकत फिरवायचा, म्हणजे फट फितीला काटकोनात येई.

कड्याच्या शीर्षात वाचनाचा विद्युत्‌दाब चुंबकीय प्रवाहाच्या बदलाच्या वेगावर अवलंबून असतो. फीत मंदावली की संकेत क्षीण होतो. ही अडचण चुंबकरोधी संवेदकाने दूर केली. चुंबकीय क्षेत्रात धातूचा रोध बदलतो हे विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५६-५७ मध्येच दाखवले होते. फितीच्या यंत्रात ते उतरायला १९८४ चे आयबीएम ३४८० यावे लागले. निकेल-लोखंडाची पातळ पट्टी बदलाचा वेग न पाहता क्षेत्रच मोजते. लेखन गाभ्यावरील तारेच्या वेटोळ्याकडे राहिले, वाचन पट्टीकडे गेले. शीर्षाच्या इतिहासातील खरी फाळणी हीच. त्यामुळे लेखक रुंद व वाचक अरुंद ठेवता आला आणि फीत थोडी बाजूला सरकली तरी वाचक आपल्याच पट्ट्यात राहू लागला.

महाचुंबकरोधाचा, म्हणजे पातळ धातुथरांच्या रचनेत रोध फार मोठ्या प्रमाणात बदलण्याचा, शोध (१९८८) लावणारे फेर व ग्र्यूनबेर्ग यांना २००७ मध्ये नोबेल मिळाले. एलटीओ या संगणकीय फीत-प्रमाणाच्या आठव्या पिढीत (२०१७) सुरंग-चुंबकरोधी संवेदक आले. यांतील दोन धातुथरांमधला निरोधक थर, ज्यातून इलेक्ट्रॉन ‘सुरंग’ काढून पार होतात, जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा असतो; फितीवरील उंचवटा घासून दोन्ही धातुथर जोडले गेले की संवेदक निकामी होतो. म्हणून तो पृष्ठभागापासून किंचित आत बसवतात, आणि तेच अंतर पुन्हा वॉलेसच्या सूत्रात मोजावे लागते. १२.६५ मिमी. रुंदीच्या फितीवर ३२ लेखन-वाचन घटक एकाच वेळी काम करतात. फितीवर आधीच कोरलेल्या ५ मार्गदर्शक पट्ट्या वाचून शीर्ष आडवे हलत राहते. कापसाची काडी इथे पोहोचत नाही, पुसण्यासाठी वेगळे कार्ट्रिजच घालावे लागते.