मेहेर ते सीबीएस: सिग्नलचं घड्याळ कुणाच्या हातात?

नाशकात पत्ता सांगायला सिग्नल पुरतो. 'मेहेर सिग्नलला उतर', 'सीबीएस सिग्नलला थांबलोय'. अशोकस्तंभावरून निघालं की मेहेर, सीबीएस (म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक), त्र्यंबक नाका. सारा रस्ता १.१ किलोमीटरचा. मेहेरला हिरवा मिळाला म्हणून गिअर वाढवावा, तर पुढे सीबीएसला लाल.

सिग्नल मुळात रेल्वेकडून रस्त्यावर आला. १८६८ च्या डिसेंबरात लंडनच्या पार्लमेंटजवळ रेल्वेतल्या जॉन पीक नाइट यांनी गॅसच्या दिव्यांचा खांब उभारला. दिवे फिरवायला पोलीस. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस भाजला आणि प्रयोग गुंडाळला गेला. १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला विजेचा सिग्नल लागला. पिवळा दिवा १९२० चा, डेट्रॉइटमधला, आणि तो सुचला विल्यम पॉट्स या पोलिसालाच. चौकात उभं राहणाऱ्यालाच त्याची गरज कळणार!

पुढे घड्याळ आलं आणि पोलिसाचा हात सुटला, पण नजरही गेली. रस्ता रिकामा असला तरी ठरलेले सेकंद मोजायचेच. ती नजर परत आणायची धडपड म्हणजेच आजचं तंत्रज्ञान. १९६३ मध्ये टोरंटोने सिग्नल संगणकाला जोडले. सत्तरच्या दशकात ग्लासगो आणि सिडनीत डांबराखाली तारेची वेटोळी पुरून गाड्यांचा अंदाज घेत वेळ बदलणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या.

आपल्याकडे वेटोळ्यांचं अवघडच. दोन गाड्यांच्या फटीतून चार दुचाकी आणि एक रिक्षा पुढे सरकते, लेन कुणाची धरायची? म्हणून इथे कॅमेरा बरा. तो लेन न पाहता रांग पाहतो.

खरा फायदा मात्र सिग्नल एकमेकांशी बोलू लागले की होतो. दोन सिग्नलांत ४०० मीटर अंतर आणि गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर दुसरा सिग्नल ४८ सेकंदांनी हिरवा व्हायला हवा. एवढ्यानेच थांबणं, धूर आणि पेट्रोल वाचतं. रुग्णवाहिकेलाही अशीच वाट करून देता येते.

एक अडचण राहतेच. यंत्रणाच वेळ कमी-जास्त करणार असेल, तर सिग्नलवर उलटे मोजत जाणारे सेकंदांचे आकडे नेमके दाखवणार कसे? आणि आपण तर आकडा पाहून गाडी बंद करतो, पाचावर आला की हॉर्न.