परराज्यातील नोंदणी आणि बांधून घेतलेली जीप : एक खुलासा

मागणीनुसार जीप बांधून देणाऱ्या कार्यशाळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हरियाणातील मंडी डबवालीहून बांधून आणलेली जीप तिकडच्या आरटीओच्या कागदांवर देशभर बिनधास्त चालवता येते, ही समजूत वर्षानुवर्षे टिकून आहे. तिच्यात अर्धे सत्य आहे आणि घोळ होतो तो त्यामुळेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यातील नोंदणी संपूर्ण भारतात ग्राह्य असते. मात्र ती नोंदणीपुस्तकात वर्णिलेल्या वाहनाची असते, मागाहून चढवलेल्या रुंद टायरांची किंवा कापून-जोडून उंच केलेल्या सांगाड्याची नव्हे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल कलम ५२ ला मान्य नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ लावला. सीएनजी किटसारखे अपवाद आहेत, पण तेही नियमांच्या चौकटीतच. कायदा केंद्राचा असल्याने राज्याची हद्द ओलांडून त्यातून सुटका होत नाही : कलम १८२अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय जीप बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास येथील क्रमांक घ्यावा लागतो, आणि मग मूळ कागद व प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ घालण्याची वेळ मालकावरच येते.