गुलमर्गच्या बर्फाची तारीख

२०२४ चा जानेवारी गुलमर्गमधले लोक सहजासहजी विसरणार नाहीत. एरवी त्या दिवसांत गुडघा-गुडघा बर्फाखाली असणारी कुरणं वाळक्या गवताने तपकिरी पडली होती. पर्यटकांनी बुकिंग रद्द केली. स्लेज ओढणारे, घोडेवाले, गमबूट आणि ओव्हरकोट भाड्याने देणारे, स्की शिकवणारे, सगळ्यांचा धंदा बसला. महिना संपता संपता बर्फ पडू लागला आणि फेब्रुवारीत तर भरपूर पडला. पुढच्या वर्षीही तीच गत झाली. २२ फेब्रुवारी २०२५ पासून गुलमर्गला व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ मार्चला सुरू झाल्या.

दोन्ही वर्षी बर्फ आला, पण उशिरा. हवामान बदल म्हटलं की आपण सरासरी तापमान किती वाढलं एवढंच बघतो. पर्यटनाला मात्र सरासरीपेक्षा तारीख जास्त महत्त्वाची असते. नाताळची सुट्टी २५ डिसेंबरच्या आसपासच मिळते, विमानाची तिकिटं तीन-चार महिने आधी काढलेली असतात, सहल कंपनीचा कार्यक्रम छापून झालेला असतो. या सगळ्यात न ठरलेली गोष्ट एकच, ती म्हणजे बर्फ.

काश्मीरच्या हिवाळी बर्फाचा आपल्या मोसमी पावसाशी संबंध नाही. भूमध्य समुद्राच्या आसपास तयार होणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर, म्हणजे जेट स्ट्रीमबरोबर, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागेही बऱ्याचदा असाच एखादा झंझावात उत्तरेतून गेलेला असतो. हे झंझावात कमजोर पडले किंवा आलेच नाहीत, तर काश्मीर थंड राहतं पण कोरडं राहतं.

एका हिवाळ्यावरून हवामान बदलाचा निकाल लावू नये. २०२३-२४ मध्ये एल निनोही होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं, आणि त्याने जगभरचं हवामान बिघडतं. पण अनेक दशकांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की काही गोष्टी स्पष्ट दिसतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या झंझावातांचा हंगाम लांबत चालला आहे. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम उत्तरेकडे सरकतो, ते सरकणं आता उशिरा होतं. त्यामुळे मे, जून, जुलैमध्येही झंझावात पूर्वीपेक्षा जास्त येतात, आणि तेव्हा ते बर्फाऐवजी पाऊस आणि पूर घेऊन येतात.

उशिरा पडलेला बर्फ म्हणजे तोच बर्फ महिनाभराने आला, असं समजू नका. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात, म्हणजे कडाक्याची थंडी. तेव्हा सूर्य खाली असतो, रात्री लांब असतात. पडलेला बर्फ थरावर थर दाबला जाऊन घट्ट होतो आणि पुढच्या बर्फाला पाया मिळतो. ताजा, कोरडा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो. जुना ओलसर बर्फ जेमतेम निम्मा. उघडी माती त्याहूनही खूप कमी. त्यामुळे बर्फात एकदा मातीचा ठिगळाएवढा तुकडा उघडा पडला, की तो तापतो आणि कडेचा बर्फ वितळवत मोठा होतो. मार्चमध्ये ऊन चढलेलं असतं, खाली पाया नसतो. अशा वेळी दोन फूट बर्फसुद्धा बघता बघता विरतो. हाच बर्फ पुढे झरे, ओढे आणि सफरचंदाच्या बागा भिजवतो, त्यामुळे ही काळजी फक्त हॉटेलवाल्यांपुरती राहत नाही.

आता उंचीचं गणित. डोंगरावर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हवा एक अंशाने तापली, की बर्फ आणि पाऊस यांच्यातली सीमा साधारण दीडशे मीटर वर चढते. गुलमर्गचं कुरण सुमारे २,६५० मीटरवर आहे, तर गंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, वरचं स्थानक चार हजार मीटरच्या जवळ. हा रोपवे ज्या अफरवट डोंगरावर चढतो, त्याच्या माथ्यावर बर्फ अजून खूप वर्षं टिकेल. जगभरचे स्कीपटू तिथे जातात, त्यांचं फारसं अडणार नाही. पण पुण्या-नाशिकहून मुलंबाळं घेऊन आलेलं कुटुंब खालच्या कुरणात खेळतं, आणि स्लेजवाल्यांची रोजी तिथेच असते. पहिला घाव खालच्या कुरणावर बसणार आहे. मला या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत जास्त लागते. पर्यटक पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल, घोडेवाला घोडा घेऊन कुठे जाणार?

मग कृत्रिम बर्फ करा, असं कुणी म्हणेल. तो करता येतो. दाबाखालची हवा आणि पाणी नळीतून बारीक तुषारांच्या रूपात उडवतात, आणि जमिनीवर पडेपर्यंत त्याचे बर्फकण होतात. यात खरा हिशेब थर्मामीटरच्या आकड्याचा नसतो. माठातलं पाणी जसं बाष्पीभवनाने गार होतं, तसे हे तुषारही उडता उडता थोडे वाफ होऊन उरलेल्याला गार करतात. त्यामुळे कोरड्या हवेत शून्याच्या किंचित वरही बर्फ बनतो आणि दमट हवेत शून्याखालीही बनताना मारामार होते. बीजिंगचं २०२२ चं हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ पूर्णपणे अशा बर्फावर झालं. पण याला पाणी लागतं, वीज लागते आणि थंडी तर लागतेच.

युरोपात या उपायाची मर्यादा मोजून झाली आहे. तिथल्या २,२३४ स्की केंद्रांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. पृथ्वी दोन अंशांनी तापली तर ५३ टक्के केंद्रांवर बर्फटंचाईचा अतिगंभीर धोका आहे, आणि चार अंशांना ९८ टक्के. निम्म्या उतारांवर कृत्रिम बर्फ घातला असं धरलं, तर हे आकडे २७ आणि ७१ टक्क्यांवर येतात. म्हणजे यंत्रं थोडा वेळ मिळवून देतात, त्यापलीकडे नाही. बोलिव्हियातल्या चकाल्ताया हिमनदीवर एके काळी जगातलं सर्वांत उंचावरचं स्की केंद्र होतं. पाच हजार मीटरहून जास्त उंची असूनही ती हिमनदी २००९ पर्यंत नाहीशी झाली.

आणि पर्यटन स्वतःही हवा तापवतं. २०१९ मध्ये जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ८.८ टक्के पर्यटनाच्या खात्यावर होते, आणि त्यात विमानप्रवासाचा वाटा मोठा. म्हणून काश्मीरला जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. त्या खोऱ्याने हिंसाचाराचे घाव सोसले आहेत, आणि तिथल्या हजारो घरांची चूल पाहुण्यांवर पेटते. जाण्याची पद्धत मात्र बदलता येईल. पुण्याहून जम्मूपर्यंत झेलम एक्स्प्रेस कित्येक वर्षं धावते आहे. जून २०२५ पासून चिनाबच्या पुलावरून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली. वेळ जास्त लागतो, पण विमानाच्या मानाने प्रदूषण बरंच कमी होतं. एवढ्या लांब गेल्यावर मग पाच दिवसांत श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग उरकण्याऐवजी एकाच गावात आठवडाभर राहावं. आज बर्फ नसला तर परवाची वाट पाहायला सवड राहते, आणि गावातल्या लोकांना आठवडाभराचं काम मिळतं.