रोड बाइकचे सॅडल आणि सीटपोस्ट

रोड बाइकवर, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवण्याच्या सायकलवर, स्वाराच्या शरीराचा भार सॅडल (बसायची सीट), पेडल आणि हँडलबार या तीन ठिकाणी विभागला जातो. सॅडल आणि ते फ्रेमशी जोडणारा सीटपोस्ट यांची निवड करताना स्वाराच्या बसण्याच्या हाडांमधील अंतर, चालवताना पाठीला येणारा कल आणि फ्रेमची रचना या गोष्टी निर्णायक ठरतात. सॅडलचा मऊपणा मात्र बहुतेक नवे ग्राहक समजतात तितका महत्त्वाचा नसतो.

बसल्यावर शरीराचा भार श्रोणीच्या तळाशी असलेल्या दोन आसनास्थींच्या टोकांवर, म्हणजे हाताला सहज लागणाऱ्या बसण्याच्या हाडांवर, पडायला हवा. या हाडांच्या मधल्या नाजूक भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे दाब पडत राहिला की बधिरपणा येतो. जाड जेलच्या सॅडलमध्ये हाडे खोल रुततात आणि दबलेले जेल मधोमध वर येऊन नेमक्या याच भागावर दाब देते. म्हणून दुकानात अंगठ्याने दाबून पसंत केलेले गुबगुबीत सॅडल गल्लीबोळातल्या फेरीला सुखाचे वाटले, तरी तीन-चार तासांच्या स्वारीत नकोसे होते. बधिरपणा हा सवयीने जाणारा त्रास मानू नये. तो वारंवार येत असेल तर सॅडल किंवा त्याची मांडणी बदललीच पाहिजे, आणि तरीही थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

रुंदीचा अंदाज घरीही घेता येतो. कठीण, सपाट स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवावा, पातळ कपड्यात त्यावर बसावे, टाचा किंचित उचलून हँडलबार धरल्यासारखे पुढे झुकावे आणि काही क्षण तसेच राहावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. उजेड तिरपा पाडला की ते अधिक स्पष्ट होतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर बहुतेकांचे साधारण 100 ते 150 मिलिमीटर भरते. त्यात सुमारे 20 ते 30 मिलिमीटर मिळवले की सॅडलच्या रुंदीचा आरंभबिंदू मिळतो. फार वाकून चालवणाऱ्याला किंचित अरुंद सॅडल चालते, तर ताठ बसणाऱ्याला अधिक रुंद लागते. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असले तरी व्यक्तीव्यक्तींमध्ये फरक इतका असतो की, सॅडलवर ‘महिलांसाठी’ लिहिले आहे की नाही यापेक्षा पुठ्ठ्यावरच्या मोजमापावर विसंबणे केव्हाही चांगले.

रुंदीनंतर आकाराचा विचार येतो. मध्ये खाच किंवा आरपार कापलेला भाग असलेली सॅडल 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून रोड बाइकवर रुळत गेली. गेल्या दशकात आखूड नाकाची सॅडल लोकप्रिय झाली. जुन्या धाटणीची सॅडल सुमारे 270 ते 280 मिलिमीटर लांब असतात, तर ही 240 ते 255 मिलिमीटरच्या आसपास असतात. खाली वाकून जोर लावणाऱ्यांना त्यांत मोकळे वाटते. कातडी सॅडलचा मार्ग वेगळा आहे. इंग्लंडमधील ब्रुक्स या 1866 साली सुरू झालेल्या कंपनीचे बी-17 हे सॅडल शतकाहून अधिक काळ बनत आले आहे. त्यात पॅड नसतो. ताणून बसवलेले जाड कातडे वापराने स्वाराच्या हाडांखाली हळूहळू दबते आणि त्याच्यापुरते घडते. ते भिजलेले असताना त्यावर बसल्यास सैल पडते, त्यामुळे कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याने आच्छादन जवळ ठेवल्याशिवाय ते घेऊ नये.

योग्य सॅडलही चुकीच्या जागी बसवले तर टोचते. उंची जास्त असल्यास पेडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि कातडी घासून फोड येतात. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्या भागाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या, 0.883 पट ठेवण्याचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. सुरुवातीला तो पुरतो. सॅडल प्रथम समतल ठेवावे आणि गरज भासल्यास नाक एक-दोन अंशच खाली करावे, कारण ते जास्त उतरले की शरीर पुढे घसरते आणि भार तळहातांवर जातो. नवे सॅडल बसवताना जुन्याची उंची आधी मोजून ठेवावी. सॅडलच्या बैठकीची जाडी वेगवेगळी असल्याने सीटपोस्ट न हलवताही उंची बदलते.

सीटपोस्टचे काम पुढचे आहे. त्याचा व्यास फ्रेमच ठरवते, 27.2, 30.9 आणि 31.6 मिलिमीटर हे व्यास सर्रास आढळतात. कार्बन फायबरचा 27.2 मिलिमीटरचा सीटपोस्ट फ्रेमबाहेर बराच असेल तर रस्त्याच्या बारीक थरथरीत थोडा लवतो, पण बाहेरची लांबी कमी असल्यास हा लाभ नगण्य ठरतो. एलॅस्टोमर (रबरासारखा लवचीक पदार्थ) किंवा स्प्रिंग असलेले सीटपोस्ट खड्ड्यांचे धक्केही शोषतात. त्याबदल्यात वजन वाढते. ब्रेव्हेसारख्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या स्वारीत (उदा. 13.5 तासांत 200 किलोमीटर), ते वजन परवडते. तरीही सीटपोस्टवर खर्च करण्याआधी फ्रेममध्ये मावतील तितके रुंद टायर घालून हवेचा दाब कमी करून पाहावा. त्यात पैसे कमी लागतात आणि फरक बहुधा अधिक पडतो.

खरेदी करताना सॅडलखालच्या सळ्यांचा आकारही पाहावा. धातूच्या सळ्या गोल आणि 7 मिलिमीटर जाड असतात, तर कार्बनच्या बहुधा अंडाकृती असतात आणि प्रत्येक सीटपोस्टच्या पकडीत बसत नाहीत. सीटपोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. कार्बनच्या सीटपोस्टला खास पेस्ट लावून टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) छापील मर्यादेपर्यंतच आवळावे. स्टीलच्या फ्रेममधील ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट घाम आणि खाऱ्या हवेने गंजून कायमचा अडकतो. म्हणून किनारपट्टीवर तो दर पावसाळ्यानंतर बाहेर काढून, पुसून, नव्याने ग्रीस लावून बसवावा लागतो.