चक्रीवादळ-निर्मितीचा पूर्वअंदाज
उष्ण कटिबंधातील समुद्रावर दाटलेल्या ढगांच्या पुंजक्यातून चक्रीवादळ जन्माला येईल का, आणि आलेच तर कधी व कुठे, याचा मागोवा घेऊन शक्यता वर्तवण्याची पद्धत. उभ्या राहिलेल्या वादळाचा मार्ग सांगण्यापेक्षा हे काम अवघड. कारण असे बहुतेक पुंजके काही न घडताच विरून जातात.

वादळ जन्मण्यासाठी समुद्रपृष्ठाचे तापमान साधारण २६.५° से.च्या वर असावे लागते. ही ऊब खोलवरही हवी, नाहीतर वाऱ्याने पाणी घुसळले की खालचे गार पाणी वर येते. हवेच्या मधल्या थरांत पुरेशी आर्द्रता लागते. उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा फार बदलत असेल, तर ढगांचे मनोरे कलतात आणि भोवरा उघडा पडतो. विषुववृत्तालगत पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम क्षीण असल्याने तेथे वादळे सहसा होत नाहीत. २००१ मध्ये सिंगापूरजवळ सुमारे १.५° उत्तर अक्षांशावर झालेले ‘वामेई’ हा गाजलेला अपवाद.

निरीक्षणाचा मुख्य आधार उपग्रह. व्हर्नन ड्व्होरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवलेल्या पद्धतीत ढगांच्या ठेवणीवरून ‘टी-क्रमांक’ म्हणजे तीव्रतेचा आकडा देतात, २.५ म्हणजे ताशी सुमारे ६५ कि.मी. वारे. उष्णता टिपणारी अवरक्त चित्रे मात्र फसवी असतात. रात्री वरच्या ढगांच्या छत्राखाली केंद्र झाकलेले राहते आणि सकाळच्या पहिल्या प्रकाशचित्रात ते भलतीकडेच, ढगांबाहेर सापडते. सूक्ष्मतरंग संवेदक या छत्राच्या आरपार पाहतात.

केंद्रच निश्चित नसेल, तर संगणकीय प्रारूपाची सुरुवातच डळमळीत होते. म्हणून आरंभीची स्थिती किंचित बदलून तेच प्रारूप अनेकदा चालवतात. त्यांतून निघणारे मार्ग नकाशावर पसरलेले दिसतात. त्यांतली एखादीच भयानक रेषा उचलून दाखवणे हा अंदाजाचा शुद्ध विपर्यास होय.

संशयित क्षेत्रांना ९० ते ९९ हे क्रमांक आळीपाळीने देतात. अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र निर्मितीची शक्यता टक्क्यांत सांगते; ६० टक्क्यांवरची शक्यता ‘उच्च’ गणली जाते. पूर्वी वादळ प्रत्यक्ष तयार होईपर्यंत तेथे किनाऱ्याला इशारा देता येत नसे. किनाऱ्याजवळच उगवणाऱ्या वादळांत त्यामुळे मोलाचा वेळ जाई. २०१७ पासून ‘संभाव्य चक्रीवादळ’ अशी नोंद करून आधीच इशारा देता येतो.